शंभर वर्षांपूर्वीची फटफटी कशी चालत असे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील मोटारसायकलींविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम आणि अमेरिका येथील आहेत, कारण हे यंत्र घडले ते तिथेच. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बरेच सोपे जाईल. आज जी कामे गाडी आपली आपण करते, त्यांतली निम्मी कामे तेव्हा चालकाच्या हातापायांवर होती, आणि ती एकेक करून त्याच्याकडून कशी काढून घेतली गेली हाच या काळाचा तांत्रिक इतिहास आहे.

पहिली मोटारसायकल कोणती? ती खरोखर वापरण्याजोगी होती का?

१८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीत २६४ सीसीचे इंजिन बसवले. मिनिटाला ६०० फेऱ्यांना ते अर्धा हॉर्सपॉवर देई आणि वाहन पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाके होती. डाइमलरना दुचाकी विकायचीच नव्हती. आपले इंजिन वाहन ओढू शकते का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

विक्रीसाठी संख्येने तयार झालेली पहिली मोटारसायकल म्युनिकची हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर होय. ती १८९४ साली आली. तिचे दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन तब्बल १,४८९ सीसीचे होते आणि रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाप्रमाणे पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. वेगळे फ्लायव्हील (फिरण्याचा वेग एकसारखा राखणारे जड चाक) नव्हते, ते काम मागचे चाकच करी, आणि पिस्टन परत आणायला रबराच्या पट्ट्यांची मदत घेतली जाई. चाकाची एक फेरी म्हणजे इंजिनाची एक फेरी, असे हे गणित असल्याने हळू जाताना गाडी आचके देई. खरा मार्ग दाखवला तो फ्रान्सच्या दे दियों-बूतों यांच्या इंजिनाने. आकाराने लहान, वजनाने हलके, पण मिनिटाला १,५०० हून अधिक फेऱ्या मारणारे हे इंजिन १८९५ च्या सुमारास तयार झाले आणि पुढे अनेक देशांत त्याच्या नकला निघाल्या.

इंजिन दोन चाकांच्या मध्येच असावे, हे इतके उघड असताना ते कळायला वेळ का लागला?

कारण मोटारसायकल ही सायकलला इंजिन जोडून तयार झाली, आणि सायकलच्या चौकटीत रिकामी जागा ठेवलेली नसते. कोणी ते बसण्याच्या जागेखाली टांगले, कोणी मागच्या चाकाच्या मागे, तर कोणी पुढच्या तिरप्या नळीवर. पॅरिसच्या वेर्नेर बंधूंनी १८९७ साली ते पुढच्या चाकाच्या वर बसवले. वजन उंचावर आल्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी सहज घसरे. त्यातून सुरुवातीच्या गाड्यांत इंधन पेटवायला ज्योतीवर तापवलेली नळी असल्याने, गाडी आडवी झाली की पेट्रोल आणि ज्योत यांची गाठ पडण्याचा धोका असे.

१९०१ मध्ये त्याच बंधूंनी इंजिन खाली आणले. सायकलमध्ये जिथे पेडलचा अक्ष असतो, त्या जागी इंजिनाची पेटी बसवून ती चौकटीचाच भाग केली. वजन खाली गेले, दोन्ही चाकांवर बऱ्यापैकी विभागले गेले आणि पट्ट्याने मागचे चाक फिरवणे सोपे झाले. आजही बहुतेक मोटारसायकलींत इंजिन तिथेच असते.

चौकट मात्र बराच काळ सायकलचीच राहिली. पोलादी नळ्या ओतीव सांध्यांत घालून पितळेने झाळलेल्या असत. पुढच्या चिमट्याला (फोर्कला) स्प्रिंगा हळूहळू आल्या. मागे स्प्रिंग नसे, सगळा भार बैठकीच्या स्प्रिंगांवर आणि चालकाच्या पाठीवर.

‘आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह’ ही काय भानगड होती?

जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सिलिंडरमधील दाबाविरुद्ध उघडावा लागतो, म्हणून त्याला पहिल्यापासून कॅम (फिरता फिरता व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा) होता. मिश्रण आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हसाठी मात्र सुरुवातीच्या कारागिरांनी खर्च वाचवला. एक हलका व्हॉल्व्ह, त्यावर एक अशक्त स्प्रिंग. पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये ओढ निर्माण झाली की बाहेरच्या हवेच्या दाबाने तो आपला आपण उघडे आणि ओढ संपली की मिटे. कॅम नको, त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा टॅपेट नको.

अडचण वेगात येई. ओढ पुरेशी होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडतच नसे, म्हणजे प्रत्येक वेळी उशीर ठरलेला. आणि फेऱ्या वाढल्या की स्प्रिंगला मिटायला वेळ न मिळाल्याने तो नुसता फडफडे. स्प्रिंग कडक केली तर हळू चालताना मिश्रण कमी पडे, मऊ केली तर वेगात गळती होई. एकाच स्प्रिंगकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा होत्या. हार्ले-डेव्हिडसनने १९०९ मध्ये व्ही आकाराचे पहिले दोन-सिलिंडर इंजिन विक्रीला आणले ते अशाच व्हॉल्व्हचे, आणि ते चालले नाही. १९११ मध्ये तेच इंजिन कॅमने उघडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हसह परत आले आणि टिकले.

कार्ब्युरेटर नव्हता तेव्हा पेट्रोल इंजिनात जाई कसे?

सुरुवातीला वाफ होऊन. टाकीतल्या किंवा वेगळ्या डब्यातल्या पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेली की ती पेट्रोलची वाफ घेऊन पुढे जाई. तेव्हाचे पेट्रोल फार हलके असल्याने हे जमत असे. पण थंडी पडली की वाफ कमी, खड्डा आला की पेट्रोल हिंदकळून वाफ जास्त, आणि प्रवासाच्या शेवटी हलका अंश उडून गेल्यामुळे मागे उरलेले जड पेट्रोल कामाचे राहत नसे.

बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा ओढून घेणारा, तरंगत्या फ्लोटने पातळी राखणारा कार्ब्युरेटर मायबाख यांनी १८९० च्या दशकातच केला होता. मोटारसायकलींवर तो रुळल्यानंतरही मिश्रणाचे प्रमाण मात्र चालकानेच सांभाळायचे होते. हँडलवर दोन छोट्या दांड्या असत, एक मिश्रण सोडण्याची आणि दुसरी हवेची. चढ आला, उतार आला, इंजिन तापले, की दोन्ही दांड्या आवाजाच्या अंदाजाने हलवायच्या. हाताने पीळ देण्याची मूठ अमेरिकेत लवकर आली. ब्रिटिश चालक बराच काळ दांड्यांनाच चिकटून राहिले.

मॅग्नेटोला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण त्याने रस्त्यात अडकून पडण्याचे एक मोठे कारण संपवले. मॅग्नेटोपूर्वी ठिणगीसाठी बॅटरी आणि कॉइल लागे. ही बॅटरी बहुधा चार व्होल्टची, शिशाच्या पट्ट्यांची आणि आम्लाने भरलेली. खडबडीत रस्त्यावर ती गळे, पट्ट्यांचा लेप झडे, आणि गाडीवर ती भरण्याची सोय नसल्याने उतरली की ठिणगी बंद.

मॅग्नेटोत चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचे गुंडाळे इंजिनाबरोबर फिरते. आतल्या जाड तारेत प्रवाह तयार होतो, तो ऐन क्षणी संपर्क तोडून थांबवला जातो, आणि त्या धक्क्याने बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळ्यात हजारो व्होल्टचा दाब येऊन प्लगवर ठिणगी पडते. बॅटरी लागतच नाही. जर्मनीतील बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये हे उच्च दाबाचे मॅग्नेटो सिद्ध केले. दहा-बारा वर्षांत ब्रिटिश वाहनउद्योग त्यावर इतका अवलंबून झाला की १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच तिथे मॅग्नेटोची टंचाई पडली.

ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणे मात्र अजून चालकाकडेच होते. वेगात ठिणगी आधी, सुरू करताना आणि चढावर उशिरा. त्यासाठी हँडलवर किंवा टाकीच्या बाजूला आणखी एक दांडी. चढावर ती मागे घ्यायला विसरले की इंजिन ठोके देऊ लागे.

किक नसताना गाडी सुरू कशी करत?

१९११ च्या सुमाराची एक सिलिंडरची, ४९९ सीसीची ट्रायम्फ डोळ्यांपुढे आणा. क्लच नाही, गिअर नाहीत. इंजिनाची पुली आणि मागचे चाक पट्ट्याने कायमचे जोडलेले. प्रथम पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरवरची छोटी पिन बोटाने दाबून पेट्रोल बाहेर ओघळेपर्यंत फ्लोट खाली धरायचा. टाकीवरच्या हातपंपाने एक दट्ट्याभर ऑइल इंजिनात सोडायचे. ठिणगीची दांडी मागे, हवेची जवळजवळ बंद, मिश्रणाची (थ्रॉटल) थोडी उघडी. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणारी दांडी आवळायची, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरत नाही आणि इंजिन मोकळे फिरते. अशा स्थितीत गाडी ढकलत पळायचे, वेग आला की दांडी सोडायची, पहिले दोन-चार फटके ऐकू आले की तसेच धावता धावता उडी मारून बसायचे, आणि बसल्याबरोबर ठिणगी पुढे व हवा वाढवायची, नाहीतर इंजिन गुदमरून बंद पडे.

ज्यांना पळणे झेपत नसे त्यांच्यासाठी पेडल होते: गाडी स्टँडवर घेऊन पेडल मारायचे, किंवा सपाट रस्त्यावर सायकलसारखी चालवत सुरू करायची. चढावर इंजिन दमले तरी पेडल मारून मदत करणे त्या काळी रीतसर मानले जाई. पुण्याच्या कायनेटिकची लूना ज्यांनी चालवली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

खरी अडचण मात्र पुढची आहे. चौकात थांबायचे म्हणजे इंजिन बंद, आणि निघायचे म्हणजे वरची सगळी पूजा पहिल्यापासून.

चेन उपलब्ध असताना पट्टा का वापरत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि ‘तेव्हा त्यांना कळत नव्हते’ हे त्याचे उत्तर नव्हे.

एका सिलिंडरच्या चार स्ट्रोकच्या (पिस्टनच्या चार खालीवर हालचालींत एक चक्र पुरे करणाऱ्या) इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य अक्षाच्या, दोन फेऱ्यांत एकदाच जोर लागतो. ट्रायम्फसारख्या गाडीत इंजिनाच्या साधारण साडेचार फेऱ्यांना मागच्या चाकाची एक फेरी होई. म्हणजे २६ इंची चाकाने ताशी ४० किमी जाताना इंजिन मिनिटाला जेमतेम १,४५० फेऱ्या करी आणि चाकाला सेकंदाला सुमारे बारा झटके बसत. चेन हा प्रत्येक झटका जसाच्या तसा चाकाला, टायरला आणि चालकाच्या मणक्याला पोचवते. चामड्याचा, किंवा पुढे रबर आणि कॅनव्हासचा, व्ही आकाराचा पट्टा किंचित ताणतो, किंचित घसरतो आणि झटका गिळतो. आवाज नाही, वंगण नाही, आणि तुटला तर रस्त्याच्या कडेला आकडा घालून पुन्हा जोडता येतो.

त्याचे दोषही तितकेच ठळक होते. पाऊस पडला की पट्टा पुलीवर घसरे, आणि चढावर नेमका भार जास्त असताना घसरे. लहान पुलीभोवती तो आवळून वळत असल्याने लवकर झिजे, ताणला गेला की कापून छोटा करावा लागे. जाणता चालक सुटा पट्टा, जोडआकडे, एक प्लग आणि एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जवळ ठेवी. व्हॉल्व्ह अशासाठी की तेव्हाचे पोलाद तापून जळे किंवा डोके तुटून सिलिंडरमध्ये पडे.

चेनचा झटका मऊ करण्याची युक्ती सापडल्यावर पट्ट्याची बाजू लंगडी पडली. रॉयल एनफिल्डने मागच्या चाकाच्या तुंब्यात (हबमध्ये) रबराचे ठोकळे घातले. चेन ओढते ती ठोकळ्यांना, आणि ठोकळे दबत दबत चाकाला. ब्रिटनच्या फेलन अँड मूर आणि अमेरिकेच्या इंडियन या कंपन्यांनी चेनवर आधीपासूनच भरवसा ठेवला होता. तरी दैनंदिन गाड्यांवरून पट्टा जायला १९२० चे दशक उजाडले.

गिअर कसे आले? आजच्या गिअरलेस स्कूटरचा त्यांच्याशी संबंध आहे का?

विचाराचा संबंध आहे. एका गिअरच्या गाडीत पुलीचा आकार ही तडजोड असे: सपाटीला सोयीची पुली चढाला जड. काहींनी गाडी थांबवून पुलीच्या कडा जवळ-दूर करण्याची सोय केली. कडा जवळ आल्या की पट्टा वर चढतो आणि पुली जणू मोठी होते. झेनिथ या ब्रिटिश कंपनीच्या ग्रॅडुआ गाडीमध्ये हे चालता चालता करता येई. पुली मोठी झाली की पट्टा अपुरा पडतो आणि लहान झाली की सैल पडतो, म्हणून त्याच हँडलने मागचे सबंध चाक पुढेमागे सरके. चढाच्या शर्यतींत ती इतकी सरस ठरली की काही गटांतून तिला मज्जाव झाला, आणि कंपनीने ‘मज्जाव’ हाच शब्द आपल्या बोधचिन्हात मिरवला. रज कंपनीच्या ‘मल्टी’ने चाक न हलवता, पुढची पुली मोठी होताना मागची त्याच प्रमाणात लहान करून ताण सांभाळला, १९१४ ची सीनियर टीटी, म्हणजे ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची मोठ्या इंजिनांची शर्यत, याच मल्टीने जिंकली. गिअरलेस स्कूटरमध्येही पट्टा असाच पुलीवर वरखाली सरकतो, फरक इतकाच की दांडीऐवजी तिथे फिरत्या वजनांचा जोर काम करतो.

दुसरीकडे मागच्या चाकाच्या तुंब्यातच तीन गिअर आणि क्लच बसवण्याचा प्रयोग झाला, पण तुंबा जड झाला आणि नाजूकही. शेवटी टिकली ती इंजिनामागची स्वतंत्र गिअरपेटी. क्लच आल्यामुळे चौकात इंजिन बंद करावे लागेना, आणि पळत उडी मारण्याचा काळ संपला.

ऑइल ‘वाया जाऊ देण्याची’ पद्धत म्हणजे काय?

त्या काळच्या बहुतेक इंजिनांत ऑइल परत टाकीत येतच नसे. पेट्रोलच्या टाकीचाच एक कप्पा ऑइलसाठी असे आणि त्यात एक हातपंप. साधारण दर १३ ते १६ किलोमीटरला चालक पंपाचा दांडा ओढून एक दट्ट्या ऑइल क्रँकच्या पेटीत ढकली. फिरणारी फ्लायव्हील ते उडवीत, त्या शिंतोड्यांवर बेअरिंग आणि पिस्टन भागत, आणि उरलेले जळून किंवा झिरपून रस्त्यावर.

केव्हा द्यायचे याचे मापक यंत्र नव्हते. मागे वळून धूर पाहायचा. दट्ट्या दिल्यावर निळसर धूर निघून हळूहळू विरला म्हणजे ठीक. धूर मुळीच दिसेना तर पिस्टन जाम होण्याची वेळ आली; गाडीमागे निळा ढग राहिला तर प्लगवर काजळी धरून ठिणगी मरणार. चढावर, उन्हाळ्यात, जोडीला साइडकार असताना दट्टे वाढवायचे. ओतीव लोखंडाचा पिस्टन आणि नुसत्या वाऱ्याने थंड होणारा सिलिंडर असताना एक दट्ट्या विसरण्याची किंमत मोठी असे. प्रस्तुत लेखकाच्या मते चालकाकडून काढून घेतलेल्या कामांत हे सर्वांत उपकारक होय. क्लचने सोय झाली, पण आपोआप चालणाऱ्या पंपाने इंजिन वाचवले. रॉयल एनफिल्डने १९१३ च्या सुमारास गिअरच्या पंपाने ऑइल फिरवून परत टाकीत आणण्याची पद्धत आणली. इतरांना ते अंगवळणी पडायला आणखी बरीच वर्षे लागली.

सगळेच चार स्ट्रोकचे होते का?

नाही. यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांची गाडी १९०८ मध्ये बाजारात आली तेव्हा ती दहा वर्षे पुढची होती. दोन सिलिंडर, दोन स्ट्रोक, व्हॉल्व्हच नाहीत: पिस्टन खाली येताना क्रँकपेटीतले मिश्रण दाबतो आणि सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे उघडताच ते वर ढकलले जाते. प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट, म्हणून झटके कमी आणि चेन निर्धास्त वापरता येई. दोन चेन, दोन गिअर, पायाने बदलण्याची सोय, आणि पायाने मारायची किक. व्हॉल्व्ह नसलेल्या या गाडीने चढाच्या शर्यतींत इतरांना इतके मागे टाकले की काही काळ तिचे सीसी १.३२ ने गुणून मोजण्याचा नियम झाला. १९१२ आणि १९१३ ची सीनियर टीटी स्कॉटनेच जिंकली.

बेल्जियमच्या एफएन कंपनीने तर १९०५ मध्येच एका रांगेत चार सिलिंडर आणि चेनऐवजी शाफ्ट दिला होता.

ब्रेक आणि दिवे कसे होते?

ब्रेक वाईट होते. पुढे सायकलसारखा रिमला घासणारा, मागे पट्ट्याच्या पुलीवर दाबला जाणारा ठोकळा. पावसात दोन्ही निरुपयोगी. म्हणून वेग कमी करायचा तो मुख्यतः एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून. अमेरिकेतील लाकडी फळ्यांच्या गोल मार्गावरच्या शर्यतींच्या गाड्यांना ब्रेक नसतच.

दिवा ॲसिटिलीनचा. वरच्या डब्यातले पाणी थेंब थेंब खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडे आणि निघणारा वायू नळीतून दिव्यात जळे. आंबे झटपट पिकवण्यासाठी बेकायदा वापरला जातो तोच हा कार्बाइड.

शर्यतींमुळे यंत्र सुधारले, असे म्हणतात. ते कितपत खरे?

बरेच खरे. २८ मे १९०७ रोजी आइल ऑफ मॅनवर पहिली टीटी झाली: दहा फेऱ्या, सुमारे २५४ किमी, आणि पेट्रोल मोजून. एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेसवर ताशी सुमारे ६१.५ किमी सरासरीने जिंकले. दोन सिलिंडरच्या गटातले विजेते रेम फाउलर प्यूजोचे इंजिन असलेल्या नॉर्टनवर होते. वाटेत प्लग बदलत आणि पट्टा आवळत त्यांनी ती पुरी केली. १९११ मध्ये मार्ग डोंगरावरून नेला, तेव्हा एका गिअरच्या गाड्यांची लंगडी बाजू उघडी पडली. त्या वर्षी सीनियर शर्यतीतले पहिले तिन्ही क्रमांक इंडियनने नेले. तिला दोन गिअर होते आणि चेन होती. ब्रिटिश कारखानदारांना याहून स्पष्ट उत्तरपत्रिका मिळाली नसती.

जुन्या जाहिरातींत ५०० सीसीला ‘साडेतीन हॉर्सपॉवर’ का लिहितात?

तो ब्रिटनमधला आकारावरून ठरवलेला नाममात्र आकडा होता, प्रत्यक्ष मोजलेली शक्ती नव्हे. इंजिन त्याहून जास्त देत असे.

पहिल्या महायुद्धाने काय बदलले?

नवे शोध फारसे लागले नाहीत, पण निवड पक्की झाली. १९१५ ची ट्रायम्फ मॉडेल एच पाहावी: ५५० सीसीचे साइड-व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेले) इंजिन, मॅग्नेटो, क्लच, तीन गिअरची पेटी, किक, आणि पेडल अजिबात नाही. इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत चेन, पण तिथून मागच्या चाकापर्यंत अजून पट्टाच. सुमारे ३०,००० गाड्या सैन्याला गेल्या आणि निरोप्यांनी त्या चिखलातून हाकल्या. पुढच्या चिमट्याची आडवी स्प्रिंग तुटण्याची खोड होती, म्हणून तिच्याभोवती चामडी पट्टा आवळून ठेवण्याची रीत पडली.

माझ्याकडे वडिलांची जुनी बुलेट आहे. या सगळ्यातले तिच्यात काय उरले आहे?

पुष्कळ. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या भारतीय बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरपेटी वेगवेगळ्या आहेत, मध्ये चेन आहे, ऑइल पंपाने फिरून परत येते आणि मागच्या चाकाच्या तुंब्यात रबराचे ठोकळे आहेत. ठिणगीसाठी संपर्क तोडणारे पॉइंट आहेत. आणि डावीकडची ती छोटी डिकॉम्प्रेसरची दांडी म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणारी, १९११ च्या चालकाने पळता पळता आवळलेली तीच दांडी आहे. किक हळूच दाबत अँपिअरमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचे, दांडी आवळून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, सोडायची, आणि मगच पूर्ण वजनाने किक मारायची, असे वडिलांनी शिकवले असेल. घाई केली तर किक उलटी येऊन पोटरीवर बसते, हेही शिकवले असेल.